नवा सेट आला की चांगला चालणारा डेक हरायला का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या घरी दर रविवारी सात-आठ पोरं मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळायला जमतात, अधूनमधून पोकेमॉनचा. विचारणारा कॉलेजात आहे, लाल रंगाचा झटपट मारणारा डेक (स्वतः निवडलेल्या कार्डांची गड्डी) खेळतो, अरिना या मॅजिकच्या ऑनलाइन रूपावर सराव करतो, खिशाला मर्यादा आहेत. दर दोन महिन्यांनी नवा सेट (नव्या कार्डांचा संच) येतो आणि त्याचा बसवलेला डेक हरायला लागतो. नवा सेट नेमकं काय बदलतो, आणि दर वेळी नवी कार्डं घ्यावीच लागतात का? शिवाय, सेट बाजारात यायच्या आधी होणाऱ्या प्रीरिलीज स्पर्धेला जावं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. नाही, दर वेळी घ्यावी लागत नाहीत. बहुतेक सेटमध्ये तुझ्या डेकाला लागणारी कार्डं दोन-तीनच असतात, कधी एकही नसतं. पण नव्या सेटची यादी वाचावीच लागते, आणि इथेच पोरं चुकतात. ती नव्या कार्डांत सगळ्यात ताकदवान कोणतं ते शोधत बसतात. मी इतकी वर्षं खेळतोय, नवख्यांना शिकवतोय, आणि माझं मत पक्कं झालंय की शोधायचं ते दुसरंच. नव्या कार्डामुळे कोणत्या जुन्या कार्डाचा भाव बदलला, हे शोधायचं. स्पर्धेतली उलथापालथ बहुतेक वेळा तिथून होते.

उदाहरण देतो, नाहीतर हे हवेतलं वाटेल. 2006 च्या कोल्डस्नॅप सेटमध्ये डार्क डेप्थ्स नावाची एक जमीन आली (जमिनी ही बहुधा माना देणारी कार्डं, आणि माना म्हणजे कार्ड खेळायला मोजायची ऊर्जा). तिच्यावर बर्फाचे दहा काउंटर, म्हणजे खुणेच्या सोंगट्या. तीन माना दिले की एक काउंटर निघतो. सगळे निघाले की वीस-वीसचा (वीस मार देणारा, वीस सोसणारा) उडणारा, नष्ट न होणारा राक्षस मिळतो. म्हणजे तीस माना खर्च करा आणि मग एकदा मारा. गंमत म्हणून ठीक, स्पर्धेत कोण खेळणार? मग 2009 मध्ये झेंडिकार आला आणि त्यात दोन मानाची व्हॅम्पायर हेक्समेज. तिचा बळी दिला की एखाद्या कार्डावरचे सगळे काउंटर उडतात. हे कार्ड प्लेन्सवॉकरांना (टेबलावर राहून दर पाळीला मदत करणारी, काउंटरवर जगणारी पात्रं) तोड म्हणून वाचलं तर ठीकठाक वाटतं. डार्क डेप्थ्सशेजारी ठेवून वाचलं तर तीस मानाचं काम दोन मानात होतं. एका रात्रीत तीन वर्षं धूळ खात पडलेली जमीन सगळ्यांना हवी झाली. डार्क डेप्थ्सवरचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं आहे, कारण तिथे जोडीदार एकदम आला नाही, हप्त्याहप्त्याने आला. स्टोनफोर्ज मिस्टिक फेब्रुवारी 2010 मध्ये वर्ल्डवेकमधून आली. दोन मानाची, आली की डेकमधून एक शस्त्र शोधून हातात आणते, आणि पुढे दोन मानात ते शस्त्र थेट टेबलावर ठेवते. चांगलं कार्ड, पण शोधायला तसं जबरदस्त शस्त्रच नव्हतं. त्याच सेटमध्ये जेस द माइंड स्कल्प्टर हा जबरदस्त प्लेन्सवॉकर होता. जुलैमध्ये एम11 मधून स्क्वाड्रन हॉक आली: एक ससाणा खेळला की उरलेले तिन्ही हातात. एकटी बघितली तर किरकोळ पाखरं. मग फेब्रुवारी 2011 मध्ये मिरोडिन बिसीज्ड आला आणि त्यात एक तलवार, सोर्ड ऑफ फीस्ट अँड फॅमिन. ती घेतलेल्या क्रीचरने (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाने) समोरच्याला इजा केली की त्याच्या हातातलं एक कार्ड जातं आणि आपल्या सगळ्या जमिनी पुन्हा उभ्या राहतात. आता सगळं जुळलं. मिस्टिक तलवार शोधते, ससाणा उडत जाऊन मारतो, जमिनी उभ्या राहतात आणि त्याच पाळीत तू जेस तरी खेळतोस, नाहीतर समोरच्याचं जादूचं कार्ड अडवायला माना राखून ठेवतोस. हल्ला आणि बचाव यांतलं एक निवडायचं, हा मॅजिकमधला रोजचा पेच या डेकाला उरलाच नाही. त्याला कॉ-ब्लेड म्हणायचे. मे महिन्यात न्यू फायरेक्सियामधून बॅटरस्कल आलं तेव्हा तर कहर झाला, आणि जून 2011 मध्ये जेस आणि मिस्टिक दोघांवर स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडचे सेट चालणाऱ्या खेळप्रकारात) बंदीची घोषणा झाली.

आता बघ, बंदी कुणावर आली? वर्षभरापेक्षा जास्त काळ स्टँडर्डमध्ये असलेल्या कार्डांवर. तलवारीवर नाही, बॅटरस्कलवरही नाही.

तुझ्या लाल डेकाचंही नेमकं हेच झालं. मॉन्स्ट्रस रेज सप्टेंबर 2023 च्या वाइल्ड्स ऑफ एल्ड्रेनमधलं. एका मानात क्रीचरची ताकद वाढवायची आणि जास्तीचा मार अडवणाऱ्याला ओलांडून थेट खेळाडूपर्यंत जायचा. पॅकमध्ये सहज सापडणारं, कुणी फोटो काढावा असं नव्हे. 2024 च्या ब्लूमबरोमध्ये हार्टफायर हिरो आला, ज्याच्यावर आपण काही टाकलं की तो कायमचा वाढतो, आणि मेला तर जाताजाता त्याच्या ताकदीएवढा मार समोरच्याला देतो. एप्रिल 2025 मध्ये टार्किर: ड्रॅगनस्टॉर्ममधून कोरी-स्टील कटर आलं, जे पाळीतल्या दुसऱ्या जादूला आयता सैनिक देतं. दोन्ही नव्या कार्डांना एकच गोष्ट हवी होती: स्वस्त जादू. 30 जून 2025 ला स्टँडर्डमध्ये एकदम सात कार्डांवर बंदी आली, त्यात ही तिन्ही होती. तुझ्या डेकाचं काय झालं म्हणून तू विचारतोस, तर निम्मं उत्तर त्या यादीत आहे.

जोडीदार मिळणं हा एक प्रकार. दुसरा प्रकार इतका साधा आहे की त्याच्याकडे कुणी बघतही नाही: जुन्या कार्डासारखंच दुसरं कार्ड येणं. साठ कार्डांच्या डेकमध्ये एका कार्डाच्या चारच प्रती चालतात. सुरुवातीच्या सात कार्डांत त्यातली निदान एक येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. म्हणजे दहातले सहा डाव ते कार्ड हातात नसतानाच सुरू होतात, आणि असा डाव ज्या डेकाला परवडत नाही तो स्पर्धेत टिकत नाही. आता नव्या सेटमध्ये जवळपास तेच काम करणारं दुसरं कार्ड आलं. प्रती चाराच्या आठ झाल्या, शक्यता 65 टक्क्यांवर गेली. कालपर्यंत ‘लागला तर लागला’ असा डेक आज भरवशाचा झाला. यादी वाचताना लोक अशा कार्डाला ‘हे तर आधीच आहे, थोडं कमकुवतच आहे’ म्हणून पुढे जातात. भावा, तिथे थांब. थोडं कमकुवत असलं तरी ते पाचवं ते आठवं कार्ड आहे.

तिसरा प्रकार आकड्यांचा. जानेवारी 2017 मध्ये ईथर रिव्होल्टमधून फेटल पुश आलं: एका मानात, मूळ किंमत दोन किंवा त्याहून कमी असलेला कोणताही क्रीचर खलास, आणि त्या पाळीत आपलं काही टेबलावरून गेलं असेल तर चारपर्यंतचा. मॉडर्नमध्ये (जुने सेटही चालणाऱ्या खेळप्रकारात) टार्मोगॉयफ हा दोन मानाचा, डाव चालेल तसा वाढणारा क्रीचर वर्षानुवर्षं राजा होता, महागही तितकाच. लाइटनिंग बोल्ट या कार्डाचा तीनचा मार त्याला सहसा पुरत नसे. फेटल पुशला तो किती मोठा झालाय याच्याशी देणंघेणंच नव्हतं. उलट गुरमॅग अँगलर, ज्याची छापील किंमत सात पण ग्रेव्हयार्डमधली (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातली) कार्डं वापरून तो एखाद्या मानातही येतो, तो अचानक जास्त सुरक्षित झाला. एका स्वस्त तोडीने कोणता क्रीचर खेळायच्या लायकीचा आणि कोणता नाही, ही रेषाच हलवली. म्हणून नवा सेट हाती आला की मी सगळ्यात आधी स्वस्त मारणारी कार्डं बघतो. दोनचा मार देतात का तीनचा? मूळ किंमत बघतात का ताकद? हद्दपार करतात का नुसतं मारतात? मग माझे सगळे क्रीचर त्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडतात ते मोजतो. सहा मानाचे ड्रॅगन नंतर, चहा पिताना.

आणि चौथं, जे आलं ते नाही, जे गेलं ते. हे गेमप्रमाणे वेगळं आहे. मॅजिकच्या स्टँडर्डमध्ये सेट ठरावीक काळाने बाहेर पडतात. 2023 मध्ये ही मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षं केली, त्यामुळे एका वेळी चालणारी कार्डं खूप वाढली, आणि जोडीदार सापडण्याची शक्यताही. त्यात 2025 मध्ये एका वर्षात सहा सेट आले, पूर्वी चार असायचे. तुला दमछाक वाटते ती उगाच नाही. पोकेमॉनमध्ये कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक अक्षर असतं आणि अक्षरागणिक कार्डं बाहेर जातात. एप्रिल 2025 मध्ये एफ अक्षर गेलं तेव्हा रेडियंट ग्रेनिंजा गेला, कॉम्फीही गेली, आणि कॉम्फीवर उभा असलेला लॉस्ट झोनचा (स्वतःची कार्डं खेळाबाहेर टाकत चालणारा) अख्खा डेक गेला. त्या दिवशी ज्यांचे डेक जागच्या जागी राहिले, ते काहीही विकत न घेता वरच्या पायरीवर गेले, कारण त्यांना छळणारा शत्रूच नाहीसा झाला. यु-गि-ओह या तिसऱ्या कार्डखेळात असं रोटेशन (जुने सेट बाहेर काढणं) नाही. जुनं कार्ड कायम चालतं, आणि खेळ काढणारी कंपनी कोनामी बंदी-मर्यादांची यादी काढून वेसण घालते. तिथे नव्या सेटची तयारी म्हणजे एकच प्रश्न: या नव्या डेकाच्या साखळीतल्या कोणत्या कार्डावर मी ऍश ब्लॉसम (हातातूनच टाकून समोरच्याची चाल अडवणारं कार्ड) टाकली तर साखळी तुटते? एक कार्ड आधी टाकलं तर वाया, एक नंतर टाकलं तर उशीर. ज्याला ती जागा पाठ आहे तो जुन्या डेकाने नव्याला हरवतो.

वेळेबद्दल आता. सेट आल्यावर पहिले दोन आठवडे आक्रमक डेक जिंकतात, आणि यात काही जादू नाही. आक्रमक डेक समोरच्याला प्रश्न विचारतो, नियंत्रणवाला उत्तरं बाळगतो. प्रश्न कोणते येणार हेच ठाऊक नसेल तर उत्तरं कोणती बाळगायची? तालमीत एखादा पोरगा बाहेरगावाहून नवा डाव शिकून आला की पहिल्या आठवड्यात भल्याभल्यांना आस्मान दाखवतो. वस्तादांनी दोन-चारदा बघितला की त्याची तोड सगळ्या तालमीला पाठ होते, आणि मग तो पोरगा तो डाव दाखवून दुसराच मारायला लागतो. सेटचंही असंच, तीन टप्प्यांत: नवा डेक, त्याची तोड, आणि तोडीला गाठणारा तिसरा. महिना-दीड महिन्यात हे चक्र साधारण पुरं होतं, तोवर पुढच्या सेटची कार्डं दाखवायला सुरुवात झालेली असते.

तोड म्हणजे काय याचं माझं आवडतं उदाहरण पोकेमॉनमधलं आहे. 2024 ची जागतिक स्पर्धा होनोलुलूला झाली, चिलीचा फर्नांडो सिफुएन्तेस जिंकला, आयर्न थॉर्न्स ईएक्स घेऊन. हे कार्ड त्याच वर्षी आलेलं. पुढे उभं असेपर्यंत फ्युचर प्रकारातले सोडून नियमचौकट (ईएक्ससारख्या ताकदवान कार्डांवर छापलेली खास नियमाची पट्टी) असलेल्या सगळ्या पोकेमॉनच्या अ‍ॅबिलिटी म्हणजे हल्ल्याखेरीजच्या खास क्षमता बंद करतं. एकेकट्याने पाहिलं तर मंद, एकसुरी कार्ड. पण त्या वेळचे बरेच मोठे डेक अ‍ॅबिलिटीवर पोसलेले होते, कार्डं ओढायला, एनर्जी लावायला, सगळ्यालाच. सगळ्यांची नजर जास्तीत जास्त ताकद कशी काढायची यावर, आणि या गड्याने सगळ्यांचा सामायिक आधारच काढून घेतला. हे डेक वर्षभर चालणारं नव्हतं. त्या आठवड्याला, त्या मैदानावर बरोबर होतं.

मैदान हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण यापुढचा हिशोब तुझ्या रविवारच्या टेबलाचा आहे. समज, तुझा डेक सध्याच्या लोकप्रिय डेकाविरुद्ध शंभरात 65 डाव जिंकतो आणि बाकी सगळ्यांविरुद्ध 45. लोकप्रिय डेक पाचात एकजण खेळत असेल तर तुझी एकूण सरासरी 49 येते. पाचात दोघे खेळत असतील तर 53. तुझ्या डेकात एक कार्डही बदललं नाही, समोरच्यांची संख्या बदलली आणि हरणारा डेक जिंकणारा झाला. याचा दुसरा अर्थ असा की नेटवर जो आकडा बघतोस तो तिकडच्या मैदानाचा आहे. राजारामपुरीत कोण काय खेळतो हे कुठल्याही संकेतस्थळावर नाही. ते तुला माहीत आहे, माझ्यापेक्षाही जास्त. आपल्याकडे नवा सेट हातात पडायला उशीर होतो, महागडी कार्डं दोघा-तिघांकडेच असतात, एकजण वर्षानुवर्षं हिरवाच डेक खेळतो आणि काही झालं तरी बदलणार नाही. मग जगज्जेत्याची यादी जशीच्या तशी उतरवून त्यातली पंधरा साइडबोर्ड कार्डं (दोन डावांच्या मध्ये बदलून घ्यायची राखीव कार्डं) अशा डेकांसाठी कशाला ठेवायची, जे कोल्हापुरात कुणाकडेच नाहीत? मुख्य साठ घे हवी तर. साइडबोर्ड मात्र स्वतः बांध.

अरिनावर सराव करतोस ते चांगलं, फुकटात शिकायला मिळतं. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेव. तिथे एका डावाची मॅच खेळलास तर सुरुवातीचा हात जमिनींच्या दृष्टीने सावरून दिला जातो, आणि साइडबोर्डचा प्रश्नच येत नाही. दोन्ही गोष्टी झटपट डेकांच्या पथ्यावर पडतात. तिथे साठ टक्के जिंकणारा लाल डेक टेबलावर तीन डावांच्या मॅचमध्ये दुसऱ्या डावापासून धापा टाकतो, कारण समोरच्याने तोवर स्वस्त तोडी आत घेतलेल्या असतात. तुझी तक्रार वाचून मला अर्धी शंका इथलीच आली. अरिनावर सराव करायचा तर तीन डावांचाच कर, वेळ लागला तरी.

पैशांचं. नवा सेट आल्यावर पहिल्या पंधरवड्यात सुटं महाग कार्ड घेऊ नकोस. एक तर तेव्हा भाव हौसेचे असतात. दुसरं, जे फार जोरात चालतं त्याच्यावर कुऱ्हाड पडू शकते. ऑक्टोबर 2019 मध्ये थ्रोन ऑफ एल्ड्रेन आला, त्यातलं ओको हे कार्ड नोव्हेंबर संपायच्या आत स्टँडर्डमधून बंद. 2020 च्या इकोरिया सेटमधल्या कंपॅनियन कार्डांनी (डेकबाहेर ठेवून हमखास वापरता येणारी कार्डं) तर जवळपास सगळे फॉरमॅट, म्हणजे खेळप्रकार, हलवले. दीड-दोन महिन्यांत नियमच बदलावा लागला, आता कंपॅनियन हातात घ्यायलाच तीन माना मोजावे लागतात. ज्यांनी पहिल्या आठवड्यात चढ्या भावाने घेतले त्यांच्या हाती काय राहिलं ते तूच बघ. माझा नेम असा आहे: आधी जमिनी, दोन रंगांच्या, चांगल्या. त्या सेटमागून सेट चालतात आणि डेक बदलला तरी सोबत येतात. मग स्वस्त तोडी. चमकणारी कार्डं सगळ्यात शेवटी, आणि तीही एखाद्या मित्राकडून उसनी मिळाली तर उत्तम. बंद पॅक फोडायचे तर मजा म्हणून फोड. डेक पुरा करायचा मार्ग म्हणून ते सगळ्यात महाग पडतं. घ्यायच्या आधी कार्डाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून जुन्या कार्डापुढे स्लीव्हमध्ये सरकव आणि आपसांत दोन-तीन रविवार खेळून बघ. घरच्या सरावाला कुणाची हरकत नसते, अधिकृत स्पर्धेत मात्र असलं कार्ड चालत नाही, हे सांगायला नकोच.

तुझ्या लाल डेकाचं मी असं करेन. मॉन्स्ट्रस रेज आणि हिरो गेल्यावर जी जागा रिकामी झाली तिथे तसंच कार्ड शोधू नकोस. अर्ध्या ताकदीची नक्कल घेऊन तू त्याच जुन्या गतीने मारायला जाशील आणि एक पाळी कमी पडशील. गती एक पाळीने कमी झालीय हे धरून चाल. वरच्या टोकाला तीन-चार मानाची, एकट्याने डाव पेलणारी दोन-चार कार्डं घाल, एखाद-दुसरी जमीन वाढव, आणि थेट खेळाडूला लागणारा मार राख. साइडबोर्डमध्ये त्या हिरव्यावाल्यासाठी चार जागा ठेव, तो कुठे जात नाही. पुढच्या सेटची यादी येईल तेव्हा एक आणि दोन मानाची लाल कार्डं तेवढी काढ, प्रत्येकाशेजारी तुझ्या वहीतली जुनी कार्डं एकेक करून ठेव. तासाभराचं काम आहे. काही जुळलं तर घे, नाही जुळलं तर तो सेट सोड.

प्रीरिलीजबद्दलही विचारलंयस. पुण्या-मुंबईकडे असेल आणि गाडीभाडं परवडत असेल तर जा. सहा पॅक फोडून त्यातूनच चाळीस कार्डांचा डेक बांधायचा असतो, त्यामुळे तिथे तुझा लाल डेक, कुणाची महागडी कार्डं, काहीच चालत नाही. जी कार्डं यादी वाचताना तू डोळ्यांआड केली असतीस ती तिथे नाइलाजाने खेळावी लागतात. फक्त तिथे जिंकवून देणारं कार्ड स्टँडर्डमध्येही जिंकवेल असं समजून परतीच्या बसमध्ये सौदा करू नकोस.